'सागरास' : विरहाकडून विश्वासाकडे

(काव्यास्वाद वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



स्वातंत्र्याची ओढ व्यक्त करणारी एखादी कविता घ्यावी आणि तिचा आशय व तिच्यातील प्रतीके उलगडून दाखवावीत, असा विषय आजच्या वर्गासाठी ठरला आहे. असा विषय निघाला की मराठी माणसाच्या ओठांवर जी कविता सर्वप्रथम येते, तीच मी निवडली आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांची 'सागरास'. पंडित हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे आणि मंगेशकर भावंडांच्या स्वरांमुळे तिचे ध्रुपद घराघरांत पोहोचले आहे. शाळेतला लहान मुलगाही ते म्हणून दाखवतो.

मात्र या कवितेची अडचणही तिच्या लोकप्रियतेतच आहे. आपण ती ऐकतो, वाचत नाही. सुरांनी मन भरून येते, डोळे ओलावतात आणि त्या ओलाव्यातच आपण थांबतो. परक्या देशात एकाकी पडलेल्या एका संवेदनशील तरुणाला घराची आठवण आली आणि तो समुद्राला म्हणाला, मला परत घेऊन चल, एवढाच अर्थ आपल्या हाती राहतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. या कवितेला चार कडवी आहेत. पहिल्या कडव्यातला मुलगा आणि चौथ्या कडव्यातला मुलगा एकच आहे, पण त्याचा स्वर एक नाही. आरंभ विनवणीने होतो, शेवट मात्र इशाऱ्याने होतो. आरंभी मुलगा आईचा उद्धार करायला निघालेला आहे, तर शेवटी आई स्वतःच उभी राहिलेली आहे. हे अंतर कविता कशी कापते, हे समजून घेणे म्हणजेच तिचा आशय समजून घेणे होय.

चार साधे प्रश्न

मी व्यवसायाने पत्रकार आहे. समीक्षकांची परिभाषा मला फारशी अवगत नाही. परंतु वृत्त हाती आले की काही प्रश्न विचारायचे, ही सवय अंगवळणी पडली आहे. कवितेलाही तेच प्रश्न विचारून पाहावेत. कोण बोलत आहे? कोणाशी बोलत आहे? कुठे उभे राहून बोलत आहे? आणि नेमके काय मागत आहे?

आधी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहू. ही कविता डिसेंबर १९०९ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथे रचली गेली. त्या वेळी सावरकरांच्या सोबत बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल होते आणि पुढे त्यांनीच ही आठवण लिहून ठेवली. हेच निरंजन पाल नंतर 'अछूत कन्या'सारख्या चित्रपटाचे लेखक म्हणून नावारूपाला आले.

बोलणारा कोण, हे समजण्यासाठी मागची साडेतीन वर्षे डोळ्यांपुढे आणली पाहिजेत. जून १९०६ मध्ये तेवीस वर्षांचा विनायक मुंबईहून बोटीने विलायतेला निघाला. शिष्यवृत्ती पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांची होती आणि शिफारस लोकमान्य टिळकांची. उद्दिष्ट कायद्याच्या अभ्यासाचे असले, तरी मनातला हेतू निराळा होता. त्यानंतर १९०९ हे वर्ष उजाडले आणि आघातांमागून आघात आले. ८ जून १९०९ रोजी थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावरील आरोपाच्या मुळाशी होते ते राजद्रोही ठरवलेल्या कवितांचे प्रकाशन. कविता छापली म्हणून जन्मठेप! १ जुलैला मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. बॅरिस्टरीचा अभ्यास पुरा होऊनही सावरकरांना सनद नाकारण्यात आली. इंडिया हाऊसचे छत्र हरपले. मायदेशी लहानगा मुलगा प्रभाकर दगावल्याचे दुःखही याच काळातले.

अशा मनःस्थितीतला सव्वीस वर्षांचा तरुण समुद्रापुढे उभा आहे. एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी. हिंदुस्थानात जाणाऱ्या बोटी बंद पडल्या नव्हत्या. तिकीट काढून बोटीत बसणे अशक्य नव्हते. परंतु ज्या भूमीवर उतरायचे, ती भूमीच परक्यांच्या ताब्यात होती. उतरल्यावर वाट पाहत होती ती बेडी. म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हता, पारतंत्र्याचा होता. ज्याचा देश बंदिवान आहे त्याला घरी जाऊनही घरी पोहोचता येत नाही. घराची ओढ आणि स्वातंत्र्याची ओढ यांतील हा भेद ध्यानात ठेवला, तर पुढची सर्व प्रतीके आपोआप उजळतात.

तीन रूपांतला सागर

आता दुसरा प्रश्न. कवी बोलतो आहे सागराशी. पण हा सागर म्हणजे कवितेच्या मागे लावलेला निसर्गाचा पडदा नव्हे. तो या काव्यातले एक पात्र आहे आणि चार कडव्यांत त्याची तीन रूपे दिसतात.

पहिले रूप सेवकाचे. मातृभूमीचे पाय रोज धुणारा सागर कवीने पाहिलेला आहे. दुसरे रूप मित्राचे आणि वाटाड्याचे. हा सागरच तरुणाला परदेशाचे आमंत्रण देतो, जगातले वैविध्य पाहू या म्हणतो. आई विरहाच्या शंकेने हळवी होते, तेव्हा तोच तिला शब्द देतो की, वाट मला ठाऊक आहे, याला मी पाठीवरून नेईन आणि लवकर परत आणीन. आपल्याकडे समुद्र ओलांडण्याला शतकानुशतके निषेध होता. पुढे स्वतः सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील सात बेड्यांत सिंधुबंदीची गणना केली. त्या पार्श्वभूमीवर आईचे साशंक होणे किती खरे वाटते पाहा. त्या काळी मुलगा विलायतेला निघालेल्या प्रत्येक घरात एक अशी आई होतीच.

तिसरे रूप शेवटच्या कडव्यात प्रकट होते. लाटांवरचा फेस कवीला सागराचे निर्दय हसू वाटू लागतो. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या इंग्लंडला भिऊन या सागराने दिलेला शब्द मोडला, असा थेट आरोप कवी करतो. सेवक, मग मित्र आणि अखेर बलिष्ठाला घाबरून विश्वासघात करणारा! त्या काळात ब्रिटिश साम्राज्याचे सामर्थ्य आरमारावर उभे होते, हे ध्यानी घेतले की या आरोपातला राजकीय अर्थ स्पष्ट होतो. कवी नौदल, व्यापार, वसाहती असला एकही शब्द उच्चारत नाही. सागर कोणाचा चाकर झाला, एवढेच विचारतो. प्रतीकाचे सामर्थ्य हे असे असते.

आणखी एक आश्चर्य सांगतो. स्वातंत्र्याच्या ओढीची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कवितेत 'स्वातंत्र्य' हा शब्दच नाही! याच कवीने १९०३ मध्ये स्वतंत्रतेला भगवती मानून तिचे स्तोत्र रचले होते. तेथे स्वातंत्र्यदेवता समोर उभी आहे आणि कवी हात जोडून तिचा जयजयकार करतो आहे. सहा वर्षांनंतरच्या या कवितेत देवतेचे नावही नाही. आहे ती एक आई, एक समुद्र आणि एक मोडलेले वचन. स्तोत्रात स्वातंत्र्य हा विचार आहे, 'सागरास'मध्ये ती वेदना झाली आहे.

विद्येचे ओझे

आता चौथा प्रश्न, मागणे काय? वरवर पाहता मागणे परतीचे आहे. पण दुसरे कडवे नीट वाचा. पिंजऱ्यातला पोपट आणि जाळ्यात सापडलेले हरिण या दोन प्रतिमांनी कवी आपली फसगत सांगतो. या दोन्ही प्रतिमा परंपरेतून आलेल्या, ओळखीच्या आहेत. त्यांच्यानंतर मात्र एक वेगळीच गोष्ट येते. परदेशात आपण गुणांची फुले वेचली ती आईला सुगंध लाभावा म्हणून, असे कवी म्हणतो. आणि तिच्या उद्धारासाठी ती खर्ची पडणार नसतील, तर मिळवलेली सारी विद्या म्हणजे निरर्थक भार, असा निर्वाळा देतो.

माझ्या मते या कवितेचा कणा येथे आहे. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेला माणूस म्हणतो, मला सुख नाही. हा तरुण म्हणतो, माझा उपयोग नाही. त्याची तळमळ उपभोगाची नाही, उपयोगाची आहे. ओवाळून टाकण्यासाठी गोळा केलेले धन हाती आहे आणि जिच्यावरून ते ओवाळायचे तीच दृष्टिआड आहे, हे त्याचे दुःख आहे. फुलाची प्रतिमाही येथे किती अचूक आहे! सोने साठवता येते, फूल साठवता येत नाही. वेळेवर वाहिले नाही तर ते कोमेजते.

प्रतीक म्हणजे कोडे नव्हे

याच कडव्यात आंब्याच्या झाडाची माया, नव्याने फुललेल्या वेली आणि कोवळा गुलाब येतो, आणि ही सारी बाग आपल्याला परकी झाली, असे कवी हळहळतो. येथे अनेक रसिक एक खेळ सुरू करतात. आंबा म्हणजे थोरले बंधू, वेली म्हणजे घरातल्या स्त्रिया, गुलाब म्हणजे धाकटा भाऊ किंवा गेलेला मुलगा. चरित्र ठाऊक असल्याने असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्या अर्थच्छटा तेथे आहेतही. पण प्रतीक हे कोडे नसते की, उत्तर सापडले की काम संपले. कवीला भावाचे नाव घ्यायचे असते, तर त्याने ते घेतले असते. त्याने बाग लिहिली, कारण बाग म्हणताच प्रत्येक वाचकाची स्वतःची बाग जागी होते. आंब्याची सावली ज्याने अनुभवली आहे, त्या प्रत्येकाला वडीलधाऱ्यांची माया आठवते. व्यक्तिगत दुःख सर्वांचे व्हावे, यासाठीच तर प्रतीक असते. आपल्या मुलांना कविता शिकवताना 'अमुक म्हणजे तमुक' अशी समीकरणे पाठ करून घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. आधी आंबा हा आंबाच असू द्यावा. मग तो काय काय होतो ते पाहावे.

तिसऱ्या कडव्यात तुलनांची मालिका आहे. आकाशात तारे पुष्कळ, पण आपला तारा एकच. येथे राजवाडे आहेत, पण मन आईच्या झोपडीत. तिच्यावाचून राज्यही नको, तिच्या रानातला वनवासही चालेल. राज्य आणि वनवास हे शब्द एकत्र आले की मराठी वाचकाला रामायण आठवल्यावाचून राहत नाही. येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहावी. कवी इंग्लंडचे वैभव नाकारत नाही. राजवाडे भव्य आहेत हे तो मोकळेपणाने मान्य करतो. परक्याचे थोरपण दिसूनही ज्याची निष्ठा ढळत नाही, त्याचीच निष्ठा खरी. परक्याला तुच्छ लेखून आलेले देशप्रेम येथे नाही.

आणि मग येते ती शपथ. सागराला नद्यांचा पती मानणे हा संस्कृत काव्यातील जुना संकेत. त्याचा आधार घेऊन कवी सागराला त्याच्या लाडक्या नदीच्या विरहाची शपथ घालतो. तुलाही विरह ठाऊक असेल, तर माझा विरह जाण, असा त्याचा भाव आहे.

रामाचे धनुष्य, आईचा अगस्ती

समुद्राला विनवणारा नायक आपल्याला नवा नाही. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात प्रभू रामचंद्र दर्भासनावर तीन रात्री सागराची प्रार्थना करत राहतात. सागर प्रसन्न होत नाही, तेव्हा ते धनुष्य हाती घेतात. विनवणी, प्रतीक्षा आणि मग सात्त्विक संताप असा तो क्रम आहे. 'सागरास'चा क्रमही नेमका हाच आहे. कालिदासाच्या मेघदूतातल्या यक्षाशी याची तुलना करून पाहा. यक्षही हद्दपार झालेला, विरहाने पोळलेला. पण त्याच्या शिक्षेला एका वर्षाची मुदत आहे. मुदत संपली की तो घरी जाणार. म्हणून तो मेघाला फक्त निरोप देतो. येथे मुदत नाही, म्हणून निरोपही पुरेसा नाही. येथे जाब विचारावा लागतो.

मात्र ब्रायटनच्या किनाऱ्यावरील तरुणाच्या हाती धनुष्य नाही. मग तो कोणाच्या बळावर बोलतो? येथे कवितेतला सर्वांत मोठा पालट घडतो. तो म्हणतो, माझ्या आईला दुबळी समजून तू फसवलेस, पण माझी आई अबला नाही. ती ही गोष्ट अगस्तींना सांगेल. ज्या ऋषींनी एका आचमनात तुला पिऊन टाकले होते, त्या अगस्तींना!

महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. कालेय नावाचे दैत्य समुद्रात दडून बसत आणि रात्री बाहेर पडून ऋषिमुनींचा संहार करत. समुद्राच्या आश्रयामुळे ते देवांच्या हाती लागत नसत. देवांच्या विनंतीवरून अगस्तींनी समुद्र प्राशन केला आणि दैत्य उघडे पडले. रिता झालेला तो समुद्र पुढे भगीरथाने आणलेल्या गंगेने भरला, असे ती कथा सांगते. आता ही कथा कवितेला लावून पाहा. अन्याय करणारी सत्ता समुद्राच्या बळावर सुरक्षित आहे, आणि ज्या समुद्राला तो आपला कायमचा कोट वाटतो, तो एका तपस्व्याच्या ओंजळीत मावतो. शिवाय तुझे आजचे पाणीही आमच्याच नदीचे आहे, ही जाणीवसुद्धा त्या कथेच्या पोटात आहे. मागच्या कडव्यातील नदीची शपथ येथे अधिक खोल होते.

पहिल्या कडव्यात मुलगा म्हणाला होता, जगाचा अनुभव घेऊन मी समर्थ होईन आणि तुझा उद्धार करीन. चौथ्या कडव्यात तो उद्धाराचे श्रेय स्वतःकडे ठेवत नाही. अगस्तींना हाक मारणार आहे ती आई. मुलगा परतला नाही तरी आई निराधार नाही. तिच्याजवळ तपाची परंपरा आहे. साम्राज्याच्या राजधानीपासून हाकेच्या अंतरावर उभे राहून, सर्व बाजूंनी कोंडी झालेली असताना, आपल्या देशाबद्दल असा विश्वास बाळगणे, ही या कवितेची खरी उंची आहे.

रचनेतही याची खूण सापडते. प्रत्येक कडव्यात, ध्रुपदाकडे वळण्यापूर्वी, तीन आखूड ओळी येतात. पहिल्या कडव्यात त्या तिन्ही ओळींच्या अखेरीस 'मी' आहे. पुढच्या तिन्ही कडव्यांत त्या जागी 'रे' आला आहे. 'मी' मागे पडतो आणि समोरच्याला उद्देशून हाक सुरू होते. आपल्या भाषेत 'रे' जिवलगालाही म्हणतात आणि अपराध्याला दटावतानाही म्हणतात. आधी आळवणीचा असलेला तोच 'रे' शेवटच्या कडव्यात दटावणीचा होतो. चाल तीच, अक्षर तेच, अर्थ मात्र बदललेला. घरी गेल्यावर कविता समोर ठेवून हे जरूर तपासून पाहा.

कवितेनंतरचा समुद्र

पुढे काय घडले ते आपण जाणतो. १३ मार्च १९१० रोजी सावरकर लंडनमध्ये पकडले गेले. सागराने त्यांना परत आणले ते बंदिवान म्हणून. ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिस बंदरात त्यांनी त्याच सागरात उडी घेतली. दोन जन्मठेपांची मिळून पन्नास वर्षांची शिक्षा होऊन १९११ मध्ये ते अंदमानात पोहोचले आणि समुद्र तुरुंगाची भिंत झाला. या घटना आठवून कविता वाचली की अंगावर काटा येतो. तरीही तिला भविष्यवाणी मानण्याचा मोह टाळावा. कवीला पुढचे काहीही ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना त्याने हा विश्वास उच्चारला, यातच त्याचे मोल आहे.

मित्रहो, आज आपल्या अनेक घरांतील मुले-मुली परदेशी आहेत. तेथील मराठी मंडळांत हे गीत गायले जाते आणि डोळे पाणावतात. त्या अश्रूंची थट्टा करण्याचे कारण नाही. आज विमानाचे तिकीट काढले की माणूस दुसऱ्या दिवशी आईपुढे उभा राहू शकतो. उतरण्याची भूमी आता स्वतंत्र आहे आणि हे ज्यांच्यामुळे घडले, त्यांतला एक जण ब्रायटनला उभा होता. विरहाचे कारण बदलले आहे. पण दुसऱ्या कडव्यातील प्रश्न मात्र जुना झालेला नाही. आपण वेचलेली फुले कोणासाठी? हा प्रश्न परदेशी गेलेल्यांनाच नाही, तर पुण्या-मुंबईत राहून स्वतःपुरते जगणाऱ्या आपल्यालाही तितकाच लागू आहे. शरीराने जवळ असूनही आईला परके झालेले लोक कमी नाहीत.

म्हणून एक छोटीशी विनंती करतो. या आठवड्यात एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून ही कविता गाऊ नये, वाचावी. सावकाश, चारही कडवी, चालीशिवाय. अवघड शब्द मुलांना समजावून सांगावेत, अगस्तींची गोष्ट आजी-आजोबांनी सांगावी. चौथे कडवे संपले की मुलांना एकच विचारावे, हा दादा रडतो आहे की कोणाला बजावतो आहे? मुले काय उत्तर देतात, ते शांतपणे ऐकावे. त्यानंतर खुशाल गाणे लावावे. ते पूर्वीपेक्षा निराळे ऐकू येईल, याची मला खात्री आहे.